संगणकाच्या चर्चामंडळात नवागत विद्यार्थी

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जिते स्थानकापुढे हमरापूर लागते. तेथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत नवशिक्याच्या हाती पहिल्याच दिवशी डोळ्यांची आखणी देत नाहीत. तो प्रथम साच्यातून निघालेली मूर्ती घासतो, जुन्या कारागिराचा हात पाहतो आणि पाहता पाहता विचारतो. या परिसरातील मुलांना हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. संगणकासमोर बसल्यावर मात्र शाळेलाच त्याचा विसर पडतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावली-लेखनाचे उपक्रम सुचविले आहेत. संगणक थोडे व मुले अधिक असतील तेथे चर्चामंडळ हाच सोयीचा मार्ग होय. ही कल्पना नवी नाही. 1955 साली अमेरिकेत लॉस एंजलिस परिसरातील आय.बी.एम. 704 या संगणकाच्या वापरकर्त्यांनी ‘शेअर’ नावाचे मंडळ स्थापिले, ते आपल्या आज्ञावली व अनुभव परस्परांस देता यावेत म्हणूनच.

तथापि असे मंडळ हळूहळू चारदोन हुशार मुलांचे होऊन बसते. नव्याने आलेल्या मुलीच्या पहिल्या प्रश्नावर कोणी हसले, तर ती दुसरा प्रश्न विचारीत नाही. हजेरीपटावर ती उपस्थितच दिसते. म्हणून ही हानी शिक्षकाच्या ध्यानी फार उशिरा येते.

‘चालत नाही’ एवढेच म्हटल्याने प्रश्न पुरा होत नाही. काय साधावयाचे होते, कोणत्या आज्ञा दिल्या आणि प्रत्यक्षात काय घडले, या तीन गोष्टी त्यात हव्यात. परंतु त्या सांगता आल्या नाहीत म्हणून नवागताला टोकणे हे शिकविणे नव्हे. जुन्या विद्यार्थ्याने त्या एकेक करून विचारून घ्याव्यात, आणि कळफलकाला स्वतः हात लावू नये. हा शेवटचा नियम पाळणे जुन्यांना सर्वांत जड जाते.

उदाहरणार्थ, कारखान्यात चार दिवसांत अनुक्रमे 12, 9, 15 व 10 मूर्ती रंगवून झाल्या. त्यांची बेरीज करणारी आज्ञावली एका मुलीने लिहिली.

“ताई, माझं उत्तर चुकतंय.”

“किती यायला हवं होतं?”

“46.”

“आणि किती आलं?”

“10.”

येथे ताईने चूक दाखवू नये. कागदावर दिवस आणि बेरीज असे दोन रकाने आखून संगणक जसे करील तसेच मुलीला करावयास लावावे. तिने ‘बेरीज = 0’ ही आज्ञा पुनरावृत्तीच्या आत लिहिलेली आहे. म्हणून पहिल्या दिवशी 12 मिळतात. दुसऱ्या दिवशी पाटी पुसली जाऊन 9 उरतात. तिसऱ्या दिवशी 15, चौथ्या दिवशी 10. तिसऱ्या ओळीपर्यंत मुलगी बहुधा स्वतःच थांबते. ती आज्ञा पुनरावृत्तीच्या बाहेर, आरंभी नेली की 12, 21, 36, 46 असा क्रम मिळतो.

अशी चूक खोडून टाकू नये. मंडळाच्या वहीत मूळ आज्ञावली, चुकीचे उत्तर व दुरुस्ती तारीखवार लिहून ठेवावी. नवे मूल आले की प्रथम ती वही त्याच्या हाती द्यावी. हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क 2 या संगणकात 1947 साली एक पतंग अडकलेला सापडला, तेव्हा तेथील मंडळींनी तो किडा नोंदवहीतच चिकटविला होता. जुन्या मुलांच्या चुकाही वहीत असाव्यात, नाहीतर ती वही केवळ नवागतांची ठरेल.

पुढील बैठकीस हेच कोष्टक गुणाकारासाठी द्यावे: 2, 3 व 4 यांचा गुणाकार करावयाचा असून आरंभी पाटीवर 0 लिहिले आहे. उत्तर काय येते, आणि 0 च्या जागी कोणता अंक हवा, हे प्रथम नवागतांनी सांगावे; जुन्यांनी तोपर्यंत गप्प बसावे.