फाटकापासून पोर्चपर्यंत : काँक्रीटच्या अंगणाची निगा

घराचे बांधकाम संपत येते, तेव्हा घरमालकाचा पैसा आणि उत्साह दोन्ही आटलेले असतात. फाटकापासून पोर्चपर्यंतचा काँक्रीटचा पट्टा नेमका याच सुमारास घातला जातो. गवंडी घाईत असतो, वास्तुशांतीचा मुहूर्त तोंडावर आलेला असतो आणि तिसऱ्याच दिवशी त्या ओल्या पट्ट्यावरून सामानाचा टेम्पो आत येतो. पुढे तडे दिसू लागले की दोष सिमेंटच्या माथी मारला जातो. वस्तुतः घरगुती मोटारीच्या वजनाने असे काँक्रीट सहसा खचत नाही. त्याची हानी होते ती सांध्यांतून मुरणाऱ्या पाण्याने आणि, आश्चर्य वाटेल, पण अतिउत्साही साफसफाईने.

भारतीय मानक ४५६ (सन २०००) नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस, तर राखमिश्रित किंवा स्लॅगमिश्रित सिमेंट असल्यास किमान १० दिवस सतत ओलावा राखणे आवश्यक आहे. कोरड्या, उष्ण हवेतही ही मुदत १० दिवसांपेक्षा कमी नसावी. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरली जाते. तोवर मोटार फाटकाबाहेर उभी करण्याचा त्रास सोसलेला बरा.

काँक्रीट सुकताना आकसते आणि उन्हाने प्रसरण पावते. १० मीटर लांबीचा पट्टा ३० अंश सेल्सिअसने तापला, तर त्याची लांबी सुमारे ३ मिलिमीटरने वाढते. याचसाठी ४ इंच जाडीच्या थरात ८ ते १० फुटांवर सांधे ठेवतात. सांधा म्हणजे जाणूनबुजून ठरवून दिलेली भेगच होय. त्यातील भरण निघून गेले की माती साचते, गवत उगवते, कधी पिंपळाचे रोपही डोके वर काढते आणि पावसाचे पाणी थेट खालच्या भरावात जाते. माळवा, विदर्भ किंवा उत्तर कर्नाटकातील काळ्या मातीत हे विशेष घातक ठरते; कारण ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा थर अधांतरी राहतो. म्हणून दरवर्षी वैशाखात सांधे खरवडून स्वच्छ करावेत व पूर्ण कोरडे झाल्यावर पॉलीयुरेथेनसारख्या लवचिक द्रव्याने भरावेत. सिमेंटचे पाणी ओतणे हा उपाय नव्हे. कडक झालेले सिमेंट पुढच्याच उन्हाळ्यात सुटून येते.

केसासारख्या बारीक भेगांची चिंता करू नये. रुंद भेग मात्र वाढते आहे की स्थिर आहे, हे पाहावे लागते. यासाठी जुने अभियंते भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून वर तारीख लिहीत. पट्टी तडकली, तर हालचाल चालू आहे असे समजावे. भेगेच्या दोन बाजू वरखाली झाल्या असतील किंवा काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर खालचा भराव वाहून गेलेला असतो. अशा वेळी आधी पाण्याचा निचरा सुधारावा. वरची दुरुस्ती त्यानंतर.

आता स्वच्छतेविषयी. रोजच्या कामाला खराटा पुरतो. डागांसाठी पाणी, साबणाची पूड आणि नायलॉनचा ब्रश घ्यावा. तारेचा ब्रश टाळावा, कारण त्याचे तुटलेले बारीक तुकडे गंजून नवे डाग पाडतात. मोटारीचे तेल सांडल्यास ते पुसून पसरवू नये. त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती रात्रभर ठेवावी, सकाळी झाडून घ्यावी आणि मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासावे. रॉकेल तर मुळीच वापरू नये. त्याने तेल पातळ होऊन अधिक खोल मुरते.

सर्वाधिक नुकसान ॲसिडने होते. संडास किंवा फरशी धुण्याचे ॲसिड ओतले की फेस येतो आणि मळ निघाला असे वाटते. प्रत्यक्षात फेसाबरोबर सिमेंटही विरघळत असते. दोन-तीन वर्षे असा उपचार झालेल्या अंगणातली खडी उघडी पडते आणि त्या खरबरीत पृष्ठभागावर मळ पूर्वीपेक्षा लवकर बसतो.

कोकणात आणि जेथे जेथे पाऊस रेंगाळतो तेथे शेवाळ ही खरी चिंता असते. पहाटे फुले तोडण्यासाठी किंवा दुधाची पिशवी आणण्यासाठी फाटकापर्यंत जाणारी व्यक्ती बहुधा घरातली सर्वांत वयस्क असते. त्या वयात खुब्याचे हाड मोडले, तर अंथरुण महिनोन् महिने सुटत नाही. आठवड्यातून एकदा त्या वाटेवर ब्लीचिंग पावडरचे सौम्य द्रावण शिंपडून थोड्या वेळाने घासावे व भरपूर पाण्याने धुवावे. हातमोजे घालावेत, झाडांच्या मुळांशी हे पाणी जाऊ देऊ नये. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. चकचकीत दिसणारा रंगही या वाटेवर लावू नये, तो ओला झाला की घसरतो. काँक्रीट पाणी शोषते आहे असे दिसल्यास आत मुरणारे सिलेन-सिलॉक्सेन जातीचे द्रव्य कोरड्या ऋतूत लावणे श्रेयस्कर.

इतके करूनही थर उखडून नव्याने घालण्याची वेळ आलीच, तर कर्जासाठी अर्ज करण्यापूर्वी अंदाजपत्रक बारकाईने वाचावे. ‘कंपाउंडचे काँक्रीट, एकूण रक्कम’ अशी एकच ओळ त्यात असेल, तर ते ठेकेदाराला परत द्यावे. खालच्या भरावाची दबाई, थराची जाडी, सांध्यांमधील अंतर, बाहेरच्या बाजूला दर १०० फुटांमागे किमान १ फूट उतार आणि पाणी मारण्याचे दिवस, हे सारे स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. पाणी मारण्याची मजुरी कोण देणार, हेही त्याच कागदावर असावे.