जुने संगणकीय खेळ आणि आभासी हार्ड डिस्क

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला संगणकीय खेळांशी काय कर्तव्य, असे मित्र मला विचारतात. माझे उत्तर एकच असते. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा, १९८४ च्या दुरुस्तीपासून, संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृतींतच धरतो. मग या साहित्यकृतींच्या जतनाचा विचार आपण नाही करायचा, तर कोणी?

इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ साली 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक काढला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने भारतात आणला. स्मृती अवघी ४८ किलोबाइट, पडदा म्हणजे घरचा टीव्ही आणि साठवणीला गाण्यांची असते तशीच कॅसेट! 'मॅनिक मायनर'सारखा खेळ आवाजाच्या रूपाने फितीवर असे; सारी स्मृती भरायला चार-पाच मिनिटे लागत.

फीत मात्र नाशवंत. दमट हवेत तिला बुरशी लागते, लेप सुटतो. यावर उपाय म्हणजे इम्युलेटर, अर्थात जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम. खऱ्या स्पेक्ट्रमला हार्ड डिस्क जोडण्यासाठी हौशी मंडळींनी पुढे 'डिव्हआयडीई' हे जोडयंत्र तयार केले. 'फ्यूज' हा मोफत इम्युलेटर त्याचीही नक्कल करतो आणि डिस्कच्या जागी एक फाइल वापरतो. हीच आभासी हार्ड डिस्क.

तिची रीत सोपी आहे. डिस्कचे ५१२ बाइटांचे खण असतात. फाइलीत तेच खण ओळीने मांडलेले असतात. यंत्राने शंभराव्या क्रमांकाचा खण मागितला, की आरंभीचा छोटा मथळा सोडून ५१,२०० बाइट पुढे जायचे आणि तेथून वाचायचे. यंत्राला वाटते, डिस्कच फिरते आहे! मी स्वतः लिहिलेला पाढ्यांचा छोटा प्रोग्रॅम असा ठेवून पाहिला. तो क्षणार्धात उघडला.

येथे पाठचिकित्सेचा प्रश्न येतो. चालू खेळाच्या स्मृतीचे 'स्नॅपशॉट' घेतले, तर फाइल ४९,१७९ बाइटांची होते. १० मेगाबाइटांच्या डिस्कवर अशा सुमारे दोनशे मावतात. पण ती एका क्षणाची नक्कल असते. कॅसेटवरील मूळ मांडणी, कुलूपबंद आरंभ, सारे त्यात गळते. म्हणून खेळण्यासाठी स्नॅपशॉट चालेल. अभ्यासासाठी मात्र संपूर्ण फितीची नक्कलच जपली पाहिजे. संहितेच्या अभ्यासकाला हा भेद नवा नाही.

हक्कांचे भानही हवे. यंत्रातील मूळ प्रोग्रॅम इम्युलेटरसोबत देण्यास अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने १९९९ साली परवानगी दिली. खेळांचे हक्क मात्र ज्याचे त्याच्याकडेच आहेत.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्यांची ६१ पदे दूर पंजाबात, गुरु ग्रंथसाहिबात सुरक्षित राहिली, कारण कोणीतरी ती वेळीच उतरवून घेतली. पुण्या-मुंबईच्या, कदाचित आपल्याही माळ्यांवर जुन्या कॅसेटी पडून असतील. त्यांत एखाद्या मराठी मुलाने स्वतः रचलेला खेळ असेल, तर त्याची दुसरी प्रत कोठेही नाही. मित्रहो, अशी कॅसेट हाती आली तर रद्दीत टाकण्यापूर्वी तिची नक्कल अवश्य करून घ्या.