गाडी थांबली की गारवा का पळतो?

मे महिन्यातील दुपार. एकलहऱ्याहून नाशिकरोडला निघालेल्या आमच्या मोटारीत छान गार वाटत होते. गर्दीत गाडी अडकली आणि पाच मिनिटांत झरोक्यांतून कोमट वारा येऊ लागला. रस्ता मोकळा होताच पुन्हा गार! मालक म्हणाले, "गॅस संपला, भरून घेऊ." तुम्ही काय म्हणाल?

वातानुकूलक गारवा तयार करीत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. डॅशबोर्डमागील नळ्यांत द्रवरूप शीतक उकळते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या हवेतून घेते. (हातावर स्पिरिट लावल्यावर गार का वाटते, ते आठवा.) ही वाफ इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर दाबतो. दाबल्याने ती बाहेरच्या हवेपेक्षाही तापते. म्हणूनच गाडीच्या तोंडाशी बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती ४० अंशांच्या हवेलाही उष्णता देऊ शकते आणि पुन्हा द्रव होते.

एकलहऱ्याच्या मुलांना कंडेन्सर परका नसावा. येथील औष्णिक वीज केंद्रातील २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. टर्बाइन फिरवून आलेली वाफ कंडेन्सरमध्येच निवून पाणी होते. तेथे उष्णता वाहून नेते पाणी, मोटारीत वारा. पाणी अडले की संच अडतो. मग वारा अडला तर?

धावत्या गाडीला वारा आपसूक मिळतो, उभ्या गाडीत तो पंख्याने ओढावा लागतो. गॅस फार कमी असता तर धावतानाही गारवा पडला असता. शिवाय गर्दीत इंजिनाच्या तापमानाचा काटाही चढला होता. रेडिएटर आणि कंडेन्सर या गाडीत एकाच पंख्याचा वारा घेतात, तेव्हा हा दुसरा पुरावा. बॉनेट उघडले (हात दूर ठेवूनच, विजेचा पंखा केव्हाही फिरू लागतो), तर पंखा निपचित! फ्यूज जळला होता. नवा घातला, तोही जळला. पंख्याच्या मोटारीत माती शिरून ती जड फिरत होती. खरे दुखणे ते.

शीतक पेट्रोलसारखे खर्च होत नाही. ते कमी झाले म्हणजे कोठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. पूर्वीचे आर-१२ शीतक ओझोनचा थर विरळ करी. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते मागे पडले. त्याच्या जागी आलेले आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, पण वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ घडवते.

हीटरचे गणित सोपे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत इंजिनाचे गरम पाणीच एका लहान जाळीतून फिरवतात. निफाडच्या थंडीत काटा वर चढलेला असूनही हीटर गार वारा देऊ लागला, तर गाडी ताबडतोब थांबवा. बहुधा पाणी उतरले आहे आणि इंजिन धोक्यात आहे. मात्र रेडिएटरचे झाकण तापलेले असताना उघडू नका. आतले पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वरही न उकळता राहते. झाकण फिरवताच दाब उतरतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि ती तोंडावर येते. इंजिन पुरते निवल्यावर जाड फडक्याने झाकण सावकाश सैल करावे.