ऋतू, राग आणि आठवण

मल्हार पावसाळ्यात, बसंत वसंतात गावा, असा संकेत आहे. परंतु सुरांचे ऋतूशी नाते केवळ संकेताने जुळत नाही. बेळगावजवळील सुळेभावीचे कन्नडभाषक कुमार गंधर्व क्षयाच्या आजारामुळे १९४८ च्या सुमारास आमच्या इंदूरजवळील देवासला आले. काही वर्षे गाणे बंद होते. माळव्याची लोकगीते मात्र कानी पडत राहिली. त्या श्रवणाचा ठसा पुढे त्यांच्या 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' या कार्यक्रमांत उमटला.

माझी आजी श्रावणात गेली. आदल्या संध्याकाळी तिच्या उशाशी रेडिओवर मियाँमल्हार चालू होता. आता भर उन्हाळ्यात तो राग ऐकला, तरी मला तिची ओलसर खोली आठवते. वाचकांनीही आपापला राग आठवून पाहावा.