इंग्रजी कवितेचा व भाषणाचा अर्थ मुलांनी लावावा कसा?

वर्गतपासणीच्या वेळी बहुधा असे दिसते की, इंग्रजी कविता शिकवताना प्रत्येक शब्दाचा मराठी प्रतिशब्द फळ्यावर लिहिला जातो व शेवटी भावार्थ वहीत उतरवून दिला जातो. मुलांच्या हाती अर्थ पडतो खरा. परंतु तो शोधावा कसा, हे त्यांना कळत नाही. ज्या घरी मार्गदर्शिका विकत घेण्याची ऐपत नाही, त्या घरच्या मुलाचे यात सर्वाधिक नुकसान होते.

सरोजिनी नायडू यांची पालखीच्या भोयांवरील कविता घ्यावी. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ या संग्रहातील ही कविता अवघ्या १२ ओळींची आहे. प्रथम ती दोनदा मोठ्याने वाचावी. अर्थ सांगू नये. भोयांच्या पावलांचा ठेका मुलांच्या कानांना आपोआप कळतो. मग विचारावे : येथे बोलते कोण? पालखीतील स्त्रीला कोणकोणत्या उपमा दिल्या आहेत? फूल, पक्षी, तारा, मोती अशी यादी मुले उत्साहाने करतील. पुढे वधूच्या डोळ्यांतील अश्रूची उपमा येते. तेथे अवश्य थांबावे. इतका वेळ सारे हलके व आनंदाचे असता हा अश्रू कशासाठी? ही स्त्री सासरी निघाली आहे काय? कवयित्रीने तसे स्पष्ट म्हटलेले नाही. थोरल्या बहिणीची पाठवणी पाहिलेली मुले आपापले उत्तर देतील, आणि ते ग्राह्य मानावे. मात्र ‘कोणत्या शब्दावरून?’ असे विचारताच त्या शब्दावर बोट ठेवता आले पाहिजे. एखादा चुणचुणीत मुलगा असेही विचारील की, गुरुजी, भोयांचे खांदे दुखत नाहीत काय? कवितेत खांद्यांचा उल्लेखच नाही. कवितेने काय गाळले, हे ओळखणे हेदेखील अर्थ लावणेच होय.

भाषणाची रीत थोडी निराळी. कविता सुचवते, भाषण आपणांस कोठेतरी नेऊ पाहते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेले इंग्रजी भाषण वरच्या इयत्तांनाही संपूर्ण झेपणार नाही. एक परिच्छेद पुरे. सत्याग्रह, असहकार व कायदेभंग हे मार्ग आता सोडले पाहिजेत, असे ते तेथे सांगतात. ‘मग १९२७ साली महाडला त्यांनीच सत्याग्रह केला, तो कसा?’ असा प्रश्न वर्गातून निघाला, तर तास सार्थकी लागला असे समजावे. शिक्षकाने उत्तराची घाई करू नये. उत्तर त्याच परिच्छेदात आहे. घटनात्मक मार्ग जेव्हा उरलेच नव्हते, तेव्हा त्या उपायांना पुष्कळ समर्थन होते; जेथे ते मार्ग खुले आहेत, तेथे नाही. ‘व्हेन’ आणि ‘व्हेअर’ या दोन लहानशा शब्दांखाली मुलांकडून रेघ ओढवून घ्यावी. सारा युक्तिवाद त्या दोन शब्दांवर उभा आहे, आणि शब्दार्थांच्या यादीत नेमके तेच कधी येत नाहीत.

त्यानंतर ही अट कोणास पटते व कोणास पटत नाही, हे विचारावे. उत्तर मराठीत आले तरी चालेल. आधाराचे वाक्य मात्र इंग्रजीतून वाचून दाखवावे. उतारा तास सुरू होण्यापूर्वीच फळ्यावर लिहून ठेवावा, म्हणजे प्रश्नोत्तरांना वेळ अपुरा पडणार नाही.