डॉक्टर शोधणाऱ्या टूलची माहिती कशी लिहावी?



चौथीच्या वर्गात मी दरवर्षी मुलांना चहाची कृती लिहायला सांगते. मग एखादी वही हातात घेऊन जसं लिहिलंय तसंच करून दाखवते. "पातेल्यात चहापत्ती टाका, साखर टाका, उकळा." पाणी लिहिलेलंच नसतं! मुलं खो खो हसतात आणि वही परत मागतात. यंदा हाच पाठ मला एका वेगळ्याच कामाला उपयोगी पडला.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीला संगणकाचं काम करतो. मावशी त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी गेलेली. तिला हृदयाचा जुना त्रास आहे, त्यामुळे तिथे एक डॉक्टर ठरवून ठेवायचे होते. त्याने एआय सहाय्यकाला विचारलं, तर उत्तर आलं, "या गावात हृदयरोगतज्ज्ञ नाहीत." मावशी घाबरली, मला परतच पाठव म्हणाली. गंमत म्हणजे ते डॉक्टर शोधायचं टूल त्यानंच बनवलेलं. रात्री फोन आला, "ताई, टूल बरोबर चालतंय गं, पण त्याची माहिती मी धड लिहिली नाहीये. तू मुलांना सूचना लिहितेस ना, जरा वाच."

आधी एजंट म्हणजे काय ते सांगते. आपण प्रश्न विचारला की कोणतं टूल वापरायचं हे स्वतः ठरवणारा एआय म्हणजे एजंट. टूलच्या आतलं काम त्याला दिसत नाही. टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि भरायच्या रकाने, एवढंच त्याच्यासमोर असतं. म्हणजे अचानक तुमच्या वर्गावर आलेले बदली शिक्षक आणि टेबलावर तुमची चिठ्ठी. चिठ्ठीत जे नाही ते त्यांना माहीत नाही, आणि कुणाला विचारायची सोयही नाही.

अमेरिकेत आरोग्यसेवा देणाऱ्यांना एनपीआय नावाचा १० अंकी क्रमांक असतो. १९९६ च्या हिपा कायद्यातून ही पद्धत आली आणि २००७ पासून तो क्रमांक वापरणं बहुतेकांना बंधनकारक झालं. या क्रमांकांची सरकारी नोंदवही कुणालाही फुकट शोधता येते. भावाचं टूल तिथेच शोधतं.

घोळ झाला तो शब्दाचा. एजंटने विशेषज्ञतेच्या रकान्यात 'कार्डिऑलॉजिस्ट' भरलं. नोंदवहीत त्या नावाचा प्रकारच नाही. तिथे नेहमीच्या हृदयरोगतज्ज्ञांची नोंद 'इंटर्नल मेडिसिन, कार्डिओव्हॅस्क्युलर डिसीज' अशी असते. नुसतं 'कार्डिऑलॉजी' टाकलं, तर 'पेडिॲट्रिक कार्डिऑलॉजी'वाले म्हणजे लहान मुलांचे डॉक्टर सापडतील, आणि मावशी सत्तरीची! काहीच सापडलं नाही, तेव्हा एजंटने त्याचा अर्थ 'डॉक्टर नाहीत' असा लावला. हजेरीपटात नाव चुकीचं शोधायचं आणि मूल शाळेत नाही म्हणायचं, तसं हे. भावाच्या वर्णनात फक्त एवढं होतं : 'डॉक्टर शोधते.' मी त्यात लिहायला लावलं, "उत्तर रिकामं आलं तर डॉक्टर नाहीत असं सांगू नको. शब्द बदलून पुन्हा शोध. तरीही नाही मिळालं तर 'मला सापडले नाहीत' असं सांग." शिवाय बोलीतला शब्द आणि नोंदवहीतला शब्द यांच्या दहा-बारा जोड्याही दिल्या. माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग या जोड्यांचाच झाला. मुलांनाही नियमापेक्षा उदाहरण लवकर कळतं.

दुसरी गोष्ट संख्येची. किती नावं हवीत ते सांगितलं नाही, तर नोंदवही १० नावं देते. एका वेळी जास्तीत जास्त २००. हे लिहिलं नाही, तर एजंट दहा नावं बघून "गावात दहाच डॉक्टर आहेत" असं ठामपणे सांगणार. राज्यही दोन अक्षरी खुणेनं भरावं लागतं आणि एकटं राज्य भरून चालत नाही. पत्त्याचं तर विचारूच नका. टपालाचा पत्ता वेगळा, दवाखान्याचा वेगळा. यातला कोणता पेशंटला द्यायचा हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर माणूस गाडी काढून एखाद्या हिशेबाच्या ऑफिसात जाऊन उभा राहायचा.

टूल काय सांगत नाही, हेही लिहावं लागतं. एनपीआय क्रमांक आहे म्हणजे परवाना आहे असं होत नाही. डॉक्टर नवीन पेशंट घेतात का, तुमचा विमा चालतो का, हेही तिथे नसतं. त्यासाठी फोनच करावा लागतो.

आता पाचवीपुढच्या वर्गात घेण्यासारखं एक गणित. एनपीआयचा शेवटचा अंक तपासणीचा असतो. समजा पहिले नऊ अंक १२३४५६७८९ आहेत. उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक अंक दुप्पट करा : ९, ७, ५, ३, १ चे १८, १४, १०, ६, २. दोन अंकी उत्तर आलं तर त्यातले अंक मिळवा : ९, ५, १, ६, २. बेरीज २३. उरलेल्या ८, ६, ४, २ ची बेरीज २०. त्यात ठरलेले २४ मिळवा. झाले ६७. पुढचा पूर्ण दशक ७०, म्हणून तपासणीचा अंक ३, आणि पूर्ण क्रमांक १२३४५६७८९३. एक अंक चुकला तर लगेच पकडला जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी कळतं, फक्त ० आणि ९ ची अदलाबदल निसटते. ती का निसटते ते मुलांनाच शोधू द्या. भावाच्या टूलमध्ये ही तपासणी आता आधी होते, मग शोध.

योग्य शब्द टाकल्यावर मावशीला घराजवळचीच बरीच नावं मिळाली. तिसऱ्या फोनला वेळ ठरली.

एका ओळीवरून मात्र आमचं वाजलं. 'छातीत दुखत असेल तर डॉक्टर शोधत बसू नका, ९११ ला फोन करा असं सांग,' ही ओळ त्याने अगदी शेवटी टाकली होती. "ताई, क्रमाने काय फरक पडतो?" म्हणाला. मी ती पहिली करायला लावली.