भंगारातली गाडी आणि तिचे गणित

'हॉट रॉड' हा शब्द तुम्ही मोटारींच्या शर्यतीच्या चित्रपटात ऐकला असेल. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात काही तरुण जुन्या फोर्ड मोटारी स्वस्तात विकत घेत, मडगार्ड, टप, बॉनेट असे जे जे काढता येईल ते काढून टाकत आणि उरलेला सांगाडा कोरड्या सरोवरांच्या सपाट पात्रात पळवीत. फोर्डच्या जुन्या 'टी' मोटारीचे इंजिन सुमारे २० अश्वशक्तीचे होते. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन काढले, आणि पुढे तेच भंगारातून मिळू लागल्यावर या मंडळींची चैन झाली. पण नवे इंजिन घ्यायला पैसे नसतील तर? तर वजन कमी करायचे. इंजिनाचा जोर तोच ठेवून ९०० किलोग्रॅमची गाडी ७०० किलोग्रॅमची केली, तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे त्वरण ९०० ÷ ७००, म्हणजे जवळजवळ १.३ पट होते. पाना आणि करवत यांच्या बळावर मिळालेली ही वाढ जवळजवळ फुकटच म्हणायची.

असा उद्योग आपल्याकडेही झाला आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील लोहारकाम करणाऱ्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जोडून सुमारे ६० हजार रुपयांत एक छोटी जीप तयार केली. ती स्कूटरसारखी पायाने किक मारून सुरू होते! डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर अडवली जाईल, हेही स्पष्ट सांगितले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

लहान इंजिन एवढे ओझे कसे ओढते? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. (हे आकडे देवराष्ट्रेच्या गाडीचे नव्हेत.) समजा, माणसांसह गाडी ५०० किलोग्रॅमची आहे आणि इंजिन ८ अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ६,००० वॉटचे. दहा मीटरला एक मीटर अशा चढावर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ४९० न्यूटन बल लागेल आणि चाकांच्या घर्षणापोटी आणखी १०० न्यूटन धरू. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. ६,००० ला ५९० ने भागा. सेकंदाला सुमारे १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेग येतो. दातेरी चाकांत काही शक्ती वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात तो आणखी कमी. गाडी चढेल, पण तिने घाई करू नये. गिअरचे काम एवढेच, की वेग देऊन बल विकत घ्यायचे.

आता फणसवाडीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने काय करावे? चाळीच्या खोलीत जीप मावणार नाही. पण गिरगावातल्या चाळींना बेअरिंगची गाडी नवी नाही. एक फळी, दोन रिपा आणि चार जुनी बेअरिंगे. माझ्या मते हीच आपली खरी हॉट रॉड!

गॅरेजमध्ये बदलून टाकलेली बेअरिंगे मागितली तर बहुधा मिळतात, नाहीतर चोरबाजार जवळच आहे. बेअरिंगवर आकडा कोरलेला असतो. ६२०५ असेल, तर शेवटच्या ०५ ला ५ ने गुणा: आतल्या भोकाचा व्यास २५ मिलिमीटर. ही युक्ती ०४ पासून पुढे लागू पडते. बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर असतो. रिपेची टोके कानशीने गोल घासून भोकात घट्ट बसतील अशी करा. बसवताना नळीचा तुकडा आतल्या कड्यावर टेकवून ठोका. बाहेरच्या कड्यावर हातोडा मारला तर तो घाव मधल्या गोळ्यांतून जातो, कड्यावर खळगे पडतात आणि बेअरिंग कायमचे खडखडते. मागची रीप फळीला पक्की करा, पुढची मधोमध एका नटबोल्टावर फिरती ठेवा आणि तिच्या दोन्ही टोकांना दोरी बांधा. झाले सुकाणू.

फरशीवर गाडी झकास पळते, पण फरशीची सांध आली की अडखळते. याचेही गणित आहे. ५ मिलिमीटरच्या उंचवट्यावर चढण्यासाठी २६ मिलिमीटर त्रिज्येच्या बेअरिंगला, त्याच्यावर असलेल्या भाराच्या सुमारे ७३ टक्के आडवे बल लागते. सायकलच्या ३३० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकाला फक्त १८ टक्के पुरते. विसर्जनाच्या दिवशी मोठ्या मूर्तीची गाडी गटाराच्या झाकणापाशी आली की कार्यकर्त्यांचा आवाज का चढतो, ते आता कळेल.

आता प्रयोग. एक लांब गुळगुळीत फळी एका बाजूने २० सेंटिमीटर उचलून चौकात उतार करा. खालच्या टोकाला पत्र्याचा तुकडा लावा, म्हणजे धक्का बसणार नाही. गाडी वरून सोडा (ढकलू नका) आणि जिथे थांबेल तिथे खडूने खूण करा. सुटल्यापासून थांबेपर्यंतचे आडवे अंतर मोजा. सुरुवातीची स्थितिज ऊर्जा सारी घर्षणात खर्ची पडली, म्हणून घर्षणांक = उंची ÷ आडवे अंतर. अंतर ८ मीटर भरले, तर घर्षणांक ०.२ ÷ ८ = ०.०२५. मग बेअरिंगांना नवे ग्रीस भरून पुन्हा मोजा. फरक डोळ्यांनी दिसेल.

हा आकडा लहान असणे आनंदाचे आहे आणि धोक्याचेही. एक मीटर उंचीच्या उतारावरून हीच गाडी आली, तर तिचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर होईल आणि आपोआप थांबायला तिला एकूण ४० मीटर लागतील. फणसवाडीत ४० मीटर मोकळी वाट कुठे आहे? केम्प्स कॉर्नर किंवा वाळकेश्वरच्या उतारांकडे तर बघूही नका. तिथे मोटारी धावतात, आणि मोटारचालकाला जमिनीलगत बसलेला मुलगा दिसत नाही.

म्हणून ब्रेक आधी, उतार मागाहून. ब्रेक बेअरिंगवर दाबून उपयोग नाही, कारण गुळगुळीत पोलाद फरशीवर नुसते घसरते. बिजागरीवर फिरणाऱ्या रिपेला जुन्या सायकलच्या टायरचा तुकडा ठोका आणि तो थेट जमिनीवर दाबला जाईल अशी तरफ करा. तरफेचे भुज चारास एक ठेवले, तर ५ किलोग्रॅमच्या ओढीने २० किलोग्रॅमचा दाब मिळतो. रबराचा घर्षणांक ०.६ धरला, तर रोधक बल १२ किलोग्रॅम-भार. स्वारासह गाडी ४० किलोग्रॅमची असेल, तर १२ ÷ ४० = ०.३, आणि १ मीटर उतरून आलेली गाडी सपाटीवर १ ÷ ०.३, म्हणजे सुमारे ३.३ मीटरमध्ये थांबेल.

दोघे मित्र एकदम बसले, तर? ब्रेक न लावता थांबण्याच्या अंतरात फरक पडणार नाही, कारण वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी निघून जाते. पण ब्रेकची ओढ तेवढीच राहते आणि गाडी आता ८० किलोग्रॅमची आहे. १२ ÷ ८० = ०.१५. थांबायला ६.७ मीटर लागतील, आणि चाळीची भिंत ५ मीटरवर असेल तर एकाने उतरून घ्यावे.